सोमवारचं माप

परिषदेच्या पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत मी चार खुर्च्या बदलल्या होत्या, दोन भाषणांमधून मध्येच उठून बाहेर आले होते आणि एका गृहस्थांच्या कोपराला धक्का देऊन त्यांचा चहा त्यांच्याच कागदांवर सांडवला होता. एका जागी बसवेना. तीन दालनांत एकाच वेळी तीन भाषणं चालू. एकात बसावं तर वाटे, आपल्याला हवं ते नक्की शेजारी चाललंय. शेजारी जावं तर तिथे टाळ्या वाजत असत, म्हणजे जे काय सांगायचं होतं ते सांगून झालेलं. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं माझं चाललं होतं, आणि हातात दिवस होते फक्त दोन.

मी पाय बनवते. अपघातात किंवा आजारात ज्यांचे पाय जातात त्यांच्यासाठी. एका रुग्णालयाच्या तळघरात आमची कार्यशाळा आहे. तिथे प्लास्टरची पोती, एक भट्टी, घासायचं यंत्र आणि भिंतीला टांगलेले, अजून कुणाचेच न झालेले पाय. तिथे बावीस वर्षं काढली. वॉर्डबॉयपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे मला 'पायवाल्या बाई' म्हणतात. दर वर्षी या परिषदेला आमचे साहेब जायचे आणि येताना एक पिशवी आणि एक पेन घेऊन यायचे. यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि माझी वर्णी लागली. मी एरवी नाहीच म्हणाले असते. आपण बरं, आपलं प्लास्टर बरं. पण सलूनवाल्यांचा गुडघा मला झोपू देत नव्हता.

सलूनवाले म्हणजे आमच्याकडे येणारे एक पन्नाशीचे गृहस्थ. तीन तासांच्या अंतरावरच्या एका छोट्या गावात त्यांचं केस कापायचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. माणूस अखंड बोलणारा. कात्री थांबली तरी तोंड थांबत नाही, असं त्यांची बायकोच सांगते. त्यांना मी एका वर्षात चार सॉकेट करून दिली. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो प्लास्टिकचा पेला. कृत्रिम पायाचं सगळं बरंवाईट त्या पेल्यात असतं. तो नीट बसला तर माणूस जिने चढतो, नाही बसला तर घरात बसतो.

आणि सलूनवाल्यांचा पेला दर वेळी माझ्याकडे अगदी मापात बसायचा. लोखंडी दांड्यांच्या मधून ते चालून दाखवायचे. मी विचारायची, "कसं वाटतंय, दादा?" ते म्हणायचे, "एकदम झकास, बाई! नाचून दाखवू का?" मी खूश, ते खूश. तीन आठवड्यांनी परत हजर, आणि नडगीच्या टोकाशी त्याच जागी तेवढीच जखम. मी वर घासून बघितलं, खाली मऊ थर दिला, जास्तीचे मोजे घालायला दिले. तिसऱ्या वेळी तर मी त्यांना चक्क रागावले की तुम्ही मोजे नीट घालत नाही, आळस करता. ते हसले. बायकोने खाली मान घातली.

मागच्या महिन्यात सर्जन म्हणाले, "आता एकदाच. पुन्हा जखम उघडली तर मी गुडघ्याच्या वरून कापणार. आणखी वाट बघून हाडात गेलं तर जिवावर बेतेल."

गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस आणि गुडघ्यावर गेलेला माणूस यांत फार मोठं अंतर असतं. ते सांगून कळत नाही, आमच्या तळघरात बसून बघावं लागतं. पन्नाशीनंतर गुडघा गेला की दिवसभर खुर्चीभोवती उभं राहून केस कापणं विसरायचं. हात शाबूत, कात्री शाबूत, आणि दुकान बंद. जखम आता सुकत आली होती आणि सोमवारी ते पाचव्या पेल्याचं माप द्यायला येणार होते. परिषद शुक्रवार-शनिवारची. चार वेळा माझं नेमकं काय चुकलं, ते मला दोन दिवसांत शोधून काढायचं होतं. मला भीती वाटत होती की चूक प्लास्टरची नाही, पट्टीची नाही, माझ्या हातांचीच आहे. बावीस वर्षांत हात म्हातारे झाले असतील आणि मलाच सांगायला कुणी धजत नसेल.

हे घरी कुणाला बोलले नव्हते. लेकीला वाटत होतं, आई अखेर कुठेतरी निघाली. ती ज्या कचेरीत काम करते तिथे दर तीन महिन्यांनी परिषद असते, त्यामुळे या विषयात ती माझी आजी. "आई, नुसतं जाऊन बसायचं नसतं. पुरेपूर फायदा घ्यायचा असतो," असं म्हणून तिने मला एक कागद लिहून दिला. पहिल्या रांगेत बस. प्रत्येक भाषणाला एक तरी प्रश्न विचार. वीस जणांना कार्ड दे, वीस जणांचं घे. जेवायला ओळखीच्या माणसाशेजारी बसू नकोस. ही शेवटची अट सगळ्यांत सोपी होती, कारण माझ्या ओळखीचं तिथे कुणीच नव्हतं. तिने माझ्या नावाची शंभर कार्डं छापून आणली होती. जन्मात पहिल्यांदा माझं कार्ड! शंभर माणसांना ते द्यायचं तर मला अजून दोन जन्म लागतील, पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

आणि तिने बूट आणले. काळे, चामड्याचे, किंचित टाच असलेले. "त्या चपला घालून जाऊ नकोस गं, लोक आधी पाय बघतात," म्हणाली. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून ती माझी जुनी चप्पल पिशवीत घालून दुकानात गेली होती आणि चपलेच्या मापाने बूट घेऊन आली होती. आईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पायांची मापं घेण्यात गेलं, आणि लेकीने आईच्या पायाचं माप चपलेवरून घेतलं. मी ते घालून घरात दोन पावलं चालले. तिने दाराशी उभं राहून विचारलं, "कसे आहेत?" तिचा चेहरा बघून मी म्हणाले, "मस्त."

तर असे ते मस्त बूट घालून मी त्या चकचकीत फरशीवर तीन दालनांच्या फेऱ्या मारत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची तऱ्हा. भाषण सुरू झालं की मी खुर्चीखाली हळूच पाय बाहेर काढायची, आणि टाळ्या वाजू लागल्या की कोंबायची. मग लंगडत पुढच्या दालनाकडे.

आता लंगडायचं तर कुठे लंगडावं माणसाने? आमच्या धंद्यातली माणसं आधी चाल बघतात, मग चेहरा. तिथे तसली दोनशे माणसं होती. चहाच्या टेबलाशी एका दाढीवाल्याने मला अडवलं. "बाई, माफ करा, पण उजवं पाऊल टाकताना तुम्ही कंबर उचलताय. मणका दाखवलात का?" त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "मणका नाही हो, गुडघा आहे." तिसऱ्याने थोडं वाकून बघितलं आणि नितंबाच्या सांध्याचं नाव घेतलं. तिघांचं आपसांत जुंपलं. मी म्हणाले, "काही नाही हो, मी ठीक आहे." तिघांनी मला आपापली कार्डं दिली. यादीत तीनची भर.

मला खरं तर भेटायचं होतं एकाच व्यक्तीला. पहिलं भाषण त्यांचं होतं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाठ वाकलेली, बोटांची पेरं प्लास्टरने कायमची पांढुरकी झालेली. आमच्या कामात त्यांच्याएवढे पाय कुणी बनवले नसतील. मी मनात त्यांना थोरल्या बाई म्हणू लागले. त्यांचं भाषण मी लेकीच्या आज्ञेप्रमाणे पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि शेवटच्या वाक्याला हात वर केला. पण माइक गेला मागच्या एका गृहस्थांकडे. ते म्हणाले, "माझा प्रश्न नाही, एक छोटंसं निवेदन आहे." ते निवेदन नऊ मिनिटं चाललं. तेवढा वेळ माझा हात वरच. मग सूत्रसंचालिका म्हणाली, वेळ संपली.

जेवणाच्या वेळी थोरल्या बाईंभोवती फोटो काढणाऱ्यांचं कडं होतं. मी ताट घेऊन कड्याबाहेर उभी राहिले, मग ताट ठेवून उभी राहिले, मग नुसतीच उभी राहिले. दुपारी त्या विश्रांतीला गेल्या. चार वाजता दिसल्या त्या एका दाराआड जाताना. मी धावले, म्हणजे त्या बुटांत जेवढं धावता येतं तेवढं, आणि पोचले तेव्हा दारावर 'फक्त पदाधिकाऱ्यांसाठी' अशी पाटी होती. माझा राग कुणावर काढावा तेही समजेना. तिथे उभ्या असलेल्या एका माणसाला मी कार्ड दिलं. नंतर कळलं की तो पाण्याच्या बाटल्या पोचवायला आला होता. त्याने कार्ड नीट वाचून खिशात ठेवलं, एवढं खरं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"किती कार्डं?"

"सतरा."

"शाब्बास! प्रश्न विचारलेस?"

"हात वर केला होता."

"उद्या माइक हातातून ओढून घे. आणि बूट?"

मी पाहुण्यांच्या खोलीत पलंगाच्या काठावर बसले होते आणि माझे दोन्ही पाय गार पाण्याच्या बादलीत होते.

"मस्त गं. अगदी मऊ."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती इतकी खूश झाली. तिच्या विचारण्यात एवढी आस होती की खरं सांगायला माझी जीभ रेटेना. चार तास उभी राहून दुकानं पालथी घातली होती तिने. एवढं करणाऱ्या पोरीला 'चावतात' कसं म्हणायचं?

शनिवारी सकाळी मी यंत्रांच्या दालनात गेले. तिथे उजेडाने माप घेणारं एक यंत्र होतं. ते पायाभोवती फिरवायचं की पडद्यावर हुबेहूब पाय उमटतो, प्लास्टरला हात लावायला नको. विकणारा गोड बोलणारा होता. "बाई, यात चूक होणारच नाही. जसा पाय तसं माप." मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मला पटत होतं आणि पटतही नव्हतं. माझंही माप बरोबरच असायचं की! माझ्या कार्यशाळेत पेला केसभरही इकडेतिकडे व्हायचा नाही. तो घासायला लागायचा तो त्यांच्या गावी गेल्यावर. मी त्याला विचारलं, "माप बरोबर असूनही पेला चुकला तर?" तो म्हणाला, "मग पेशंट चुकीचा वापरतो, बाई." हेच तर मी मोज्यांवरून बोलले होते. त्याच्या तोंडून ऐकताना ते मला आवडलं नाही.

साडेअकराला थोरल्या बाई मला लिफ्टसमोर एकट्या सापडल्या. एकट्या म्हणजे एक आयोजक त्यांची पिशवी धरून उभा होता, पण त्याला मी गणलं नाही. नमस्कार नाही, ओळख नाही, कार्ड नाही. मी सुटलेच. चार पेले, एकच जखम, माझ्याकडे मापात, त्यांच्या गावी गेलं की घासतो, सर्जन कापायला टपलेत, सोमवारी माप आहे.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "माप कधी घेता?"

"आल्या आल्या. लांबून येतात ना, ताटकळत ठेवत नाही मी."

"येतो कसा?"

"बसने. तीन तास लागतात."

"बस मलाही समजते हो. येतो कसा?"

लिफ्टचं दार उघडलं. आयोजक म्हणाला, "मॅडम, वाट बघतायत." त्या आत गेल्या, वळल्या आणि दार मिटता मिटता म्हणाल्या, "त्याला विचारा."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! दीड दिवस त्यांच्या मागे फिरले, पायांची सालं काढून घेतली, आणि हातात काय पडलं? येतो कसा! हे तर आमच्या रुग्णालयाच्या फाटकावरचा पहारेकरीसुद्धा विचारतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी तणतणत समोर दिसलं त्या दालनात शिरले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. गेली लेकीची पहिली रांग. बूट काढून खुर्चीखाली ढकलले आणि ठरवलं की आता इथून परिषद संपेपर्यंत हलायचं नाही.

भाषण प्लास्टिकच्या प्रकारांवर होतं आणि तासभर चाललं. मी एक अक्षर ऐकलं नाही. डोळ्यांसमोर सर्जनचं टेबल दिसत होतं. सोमवारी काय करायचं? तेच प्लास्टर, त्याच हातांनी, पाचव्यांदा? मी सलूनवाल्यांना तोंड कसं दाखवू? सांगू का, की दादा, मला जमत नाही, दुसरीकडे जा? पण दुसरीकडे म्हणजे कुठे?

टाळ्या वाजल्या. मी सवयीने पाय बुटात सारला. तो जाईना. नेट लावला, तरी टाच बाहेरच. दुसरा घालून बघितला, तोही तसाच. तासापूर्वी हेच पाय याच बुटांत होते. कुरकुरत का होईना, होते. मी वाकून बघितलं. मोज्याची वरची कड कातडीत रुतली होती आणि पाऊल फुगलं होतं. आमच्याकडे आलेल्या पायाला मी पहिल्यांदा जे करते तेच आपोआप झालं. मी घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि काढला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"पायाला काही त्रास आहे का, बाई?" शेजारून कुणीतरी विचारलं. तो कालचा दाढीवाला होता.

"छे छे," मी म्हणाले. "एकदम मस्त."

आणि माझाच आवाज मला ऐकू आला. तो अगदी सलूनवाल्यांचा होता. एकदम झकास, बाई. नाचून दाखवू का?

मी त्या खळग्याकडे बघत राहिले. तो हळूहळू भरत होता. मग बूट हातात घेतले आणि मोज्यांवरच दालनाबाहेर पळाले. दोनशे चालतज्ज्ञांपुढून. बघा म्हटलं, हवं तेवढं बघा.

कोपऱ्यातल्या खिडकीशी उभं राहून फोन लावला. सलूनवाल्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. मागे रेडिओ चालू होता.

"बाई! परिषद कशी चाललीय? आमचा पाय जगात गाजला की नाही?"

"दादा, एक विचारते. खरं सांगायचं. माझ्याकडे येताना बसमध्ये पाय घालून बसता की काढून?"

पलीकडे काहीच आवाज नाही. नुसता रेडिओ. आमच्या ओळखीत हा माणूस पहिल्यांदा गप्प झाला होता.

"का हो?" शेवटी म्हणाले.

"आधी सांगा."

"काढून," ते म्हणाले. "तीन तास नाही ना सोसत. काढून पिशवीत घालतो. पिशवी हिच्या मांडीवर."

"आणि घालता कधी?"

"तुमच्या फाटकाशी बाक आहे ना, तिथे. ही धरते, मी रेटतो. त्या वेळी घरच्यापेक्षा लई घट्ट जातो. मग चालत आत येतो तुमच्याकडे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकले. "अहो, मग मला सांगितलं का नाहीत?"

"बाई, तुम्ही किती जीव लावून करता. आणि आत आल्या आल्या विचारता ना, कसं वाटतंय दादा, तेव्हा तुमचं तोंड बघून…" ते थांबले. "शिंप्याने शिवलेला शर्ट हातात घेऊन, उघड्या अंगाने कुणी शिंप्याकडे जातं का? बरं दिसतं का ते?"

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. मग त्यांना समजावून सांगितलं. तीन तास उरलेला पाय बसमध्ये लोंबकळत राहिला की सुजतो. मी माप घेते ते सुजलेल्या पायाचं. पेला बघायला येता तेव्हाही तसेच सुजून येता, म्हणून माझ्यासमोर तो मापात बसतो. गावी गेलात, दुकानात उभे राहिलात की सूज ओसरते, पेला सैल होतो आणि हाड तळाला आपटतं. जास्तीच्या मोज्यांनी वर भरतं, तळाशी आपटायचं ते आपटतंच.

"चार वेळा मी तुमच्या पायाचं माप घेतलंच नाही," मी म्हणाले. "बसच्या प्रवासाचं घेतलं. बावीस वर्षं आलेल्या माणसाचा पाय बघतेय, तो माझ्या दारापर्यंत आला कसा हे एकदाही विचारलं नाही. आणि वर तुम्हाला मोज्यांवरून बोलले. चूक झाली माझी, दादा."

"बोललात खरं," ते म्हणाले. "ही तर अजून बोलते." मागून त्यांची बायको काहीतरी म्हणाली. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाई, मग गुडघा राहील का हो?"

इतक्या दिवसांत त्यांनी हा प्रश्न मला एकदाही विचारला नव्हता. मला वाटायचं, या माणसाला काळजीच नाही.

"ते मला आत्ता नाही सांगता येणार," मी म्हणाले. "पण आता योग्य पायाचं माप घेईन, एवढं सांगते. सोमवारी तुम्ही येऊ नका. मी येते. उद्यापासून सूज दाबायचा पट्टा घट्ट बांधून ठेवायचा, पाय उशीवर. लोंबकळत सोडायचा नाही. मी प्लास्टर घेऊन सकाळीच दुकानात येते आणि तुमच्याच खुर्चीत बसवून माप घेते."

"माझ्या खुर्चीत?" त्यांना हसू फुटलं. "तीस वर्षांत मी कधी बसलो नाही तिच्यात. मान वर ठेवायची की खाली?"

समारोपाला मी थांबले नाही. प्रमाणपत्रांच्या रांगेतला माझा कागद तिथेच राहिला, पिशवी आणि पेन मात्र घेतलं, साहेबांसाठी. निघताना थोरल्या बाईंना दोन शब्द बोलायचे होते, पण त्यांच्याभोवती परत कडं होतं. मी एका कार्डामागे लिहिलं, 'काढून येतो', आणि ते आयोजकाजवळ दिलं. समजतील त्या.

स्टँडवर बसची वाट बघताना लेकीचा फोन आला. "काय गं, झालं? किती कार्डं?"

"अठरा. पण शंभरातली ब्याऐंशी उरलीत."

"आणि प्रश्न?"

"एक विचारला. अगदी कामाचा."

"वा! आणि बूट?"

मी माझ्या पायांकडे बघितलं. स्टँडवरच्या टपरीतून घेतलेल्या रबरी सपाता होत्या पायांत.

"चावतात गं," मी म्हणाले. "परवा घरात घातले तेव्हापासून चावतायत."

ती तिरीमिरीत म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मी बदलून आणले असते ना! मला काय स्वप्न पडतं?" ती रागावली होती, आणि तिचं बरोबर होतं. मी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी ती मला हाताला धरून दुकानात घेऊन गेली.

परिषदेनंतरच्या सोमवारी माप घेतलं. त्या गावात, आरशासमोर, रेडिओच्या आवाजात. गिऱ्हाइकं बाकावर बसून बघत होती. पंधरा दिवसांनी पेला घेऊन मीच गेले, आणि त्यानंतर महिन्याने पुन्हा गेले. सर्जनने सांगितलं होतं की महिन्याने जखम बघून कळवा, त्यावर ऑपरेशनची तारीख ठरवतो.

मी मुद्दाम दुपारी चारला पोचले, दिवसभर उभं राहून झाल्यावर. सलूनवाले एका गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री चालवत होते. ते संपेपर्यंत मी दारातच थांबले आणि नुसती त्यांची चाल बघत राहिले. मग ते खुर्चीत बसले. त्यांची बायको हात पुसत आतून आली. मी पुढ्यात जमिनीवर बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"कसं वाटतंय, दादा?"

"एकदम झका…"

बायको खाकरली. ते थांबले. माझ्याकडे बघितलं, आरशात बघितलं.

"बसलं की मागच्या बाजूला टोचतं," ते म्हणाले. "वरची कड. उजवीकडे जास्त."

मी त्यांचा पाय काढला. मोजा खाली सरकवला. नडगीचं टोक उजेडाकडे वळवलं. तिथे जुन्या जखमेचा पांढरा डाग होता आणि डागावर पुरती, कोरडी, शहाणी कातडी. अंगठा दाबला. खळगा पडला नाही. गुडघ्यामागे, उजवीकडे, कड लागून एक तांबूस रेघ उमटली होती. अर्ध्या तासात घासून निघेल एवढी.

सव्वा वर्षात त्यांनी माझ्याकडे केलेली ही पहिली तक्रार. मी कानावरची निळी पेन्सिल काढली आणि त्या रेघेवर खूण केली.

"अजून कुठे?" मी विचारलं. "नीट आठवून सांगा. मला घाई नाही."